एकाचं धड, दुसऱ्याचं शेपूट

माझी ताई संग्रहालयात तुडतुड्यांच्या जाती ओळखते. तिळाएवढा किडा, पिकाचा रस पितो, बोट लावलं की टुणकन उडतो. असल्यांपायी बाई निम्मी आंधळी झाली! दिसायला मेले सगळे सारखे. नराच्या शेपटाच्या टोकावरून काय ती जात कळते. ते टोक कापायचं, पोटॅशच्या पाण्यात मऊ करायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचं. एका वाटीत एकच शेपूट, हा तिचाच दंडक. चुकला हाताखालचा माणूस, की झालीच त्याची बिनपाण्यानं!

दोन वर्षांपूर्वी तिला नवी जात सापडली. किडा पकडला होता संग्रहालयाच्या ड्रायव्हरच्या बायकोनं. ती हौसेनं नवऱ्यासोबत रानोमाळ हिंडायची, किडे येऊन बसावेत म्हणून रात्री दिव्यापुढे पांढरी चादर धरून उभी राहायची. ताईनं त्या जातीला तिचंच नाव दिलं. पुढे या ड्रायव्हरवहिनी अर्धांगानं अंथरुणाला खिळल्या, पण आल्यागेल्याला सांगायच्या, "माझ्या नावाचा किडा आहे बरं का!"

गेल्या महिन्यात त्याच रानातले ताजे तुडतुडे आले आणि ताईचा चेहरा पडला. नवी जात नव्हतीच. जुन्याच दोन जाती. एकीचं धड, दुसरीचं शेपूट. घाईघाईत दोन शेपटं एकाच वाटीत टाकली होती तिनं, त्यांचीच अदलाबदल झाली.

"झाकली मूठ ठेव," मी म्हटलं. "कोण बघायला बसलंय?"

"मी बसलेय ना!" ती खेकसली. तिचं अन्नावरचं मन उडालं. "दुसरी वाटी धुवायचा कंटाळा केला मी, आणि नाव जाणार त्या बाईचं," एवढंच घोकत बसायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. चूक कुणाची होत नाही? शेवटी म्हणाली, दुरुस्ती छापायला पाठवण्याआधी स्वतः जाऊन सांगते. मीही गेले सोबत.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग चालत होता तो एक हात ताईच्या हातावर ठेवला.

"एवढंच ना? रडताय काय लहान मुलीसारख्या? पुढच्या तुडतुड्याला द्या माझं नाव."

त्या गटात एकदा वापरलेलं नाव दुसऱ्या जातीला पुन्हा देता येत नाही, असा नियमच आहे. ताईचा सगळा जन्म त्याच एका गटात गेलेला.

"देते, वहिनी," ताई म्हणाली.

जिन्यातच मी तिला अडवलं. "खोटं बोललीस? तू?"

"मग काय करू?" ती कठडा धरून खाली बसली. "एका दुपारी किती काढून घेऊ गं तिच्याकडून?"