अकरा नंबरचं यंत्र

प्यो जांगचोल सत्तावीस वर्षं जहाजांच्या पोटात वाकून पाइप जोडत होते. गोदीनं माणसं कमी केली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मग ते आमच्या गोजे बेटावरच्या प्रशिक्षण केंद्रात संगणकावर पाइपांचे नकाशे काढायला शिकायला आले. गोदीत मुकादम होते, म्हणून पोरंही त्यांना मुकादमच म्हणायची.

संगणकाच्या खोलीची व्यवस्था माझ्याकडे. आमच्याकडे प्रत्येकाला सहा महिन्यांसाठी स्वतःचा व्हर्च्युअल डेस्कटॉप मिळतो. तो दूरच्या सर्व्हरवर असतो. कुठल्याही यंत्रावर बसा, आपलं नाव घाला, काल अर्धी सोडलेली रेघ तिथंच सापडते. पहिल्या तासाला मी हे सांगितलं तेव्हा मुकादम रोजगार कार्यालयात बेकारभत्त्यासाठी सही करायला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते अकरा नंबरवर बसले आणि पुढं तिथंच बसत राहिले. त्यांना वाटलं, नकाशे त्या यंत्राच्याच पोटात आहेत.

रोज सगळ्यांच्या आधी येऊन ते अकरा नंबर रुमालानं पुसायचे. एकदा मेंग नावाचा पोरगा मुद्दाम तिथं जाऊन बसला.

"ऊठ रे, माझं काम आहे त्यात."

"बसा की दुसरीकडे, मुकादम."

"आणि माझं अख्खं इंजिनघर तुझ्या हाती देऊ?"

"कुलूप आणा मग! नाहीतर मी घरी नेईन."

सगळी खोली हसली. मीही हसले. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत चूक कोण दाखवणार? एकटं गाठून सांगता आलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटत होती.

त्यांनी इंजिनघराचा असा नकाशा काढला की आमचे मास्तर खुर्ची ओढून तो बघत बसले. तोंग्योंग शहरातल्या, जहाजांचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या कचेरीनं त्यांना नोकरीसाठी भेटायला बोलावलं. या वयात दुसरं बोलावणं येणार नव्हतं. काम आणून दाखवा, एवढीच अट होती.

शेवटच्या दिवशी मी जाहीर केलं, "बुधवारी व्हर्च्युअल डेस्कटॉप पुसले जातील, आपापलं काम उतरवून घ्या. खोलीतली यंत्रं आहेत तशीच राहतील."

यंत्रं राहतील एवढं ऐकून मुकादम निश्चिंत झाले.

शुक्रवारी ते नवा कोट घालून आले. बायकोनं दिलेला भाताच्या वड्यांचा डबा माझ्यापुढं ठेवला. "बाई, सोमवारी भेट आहे. अकरा नंबरमधलं माझं काम तेवढं काढून द्या."

मी त्यांना सर्व्हर, नाव, बुधवार सगळं सांगितलं. तरी त्यांनी अकरा नंबर चालू करायला लावला. नाव घातलं. असं नाव नाही, एवढंच उत्तर आलं.

"काम या यंत्रातच आहे असं मला वाटतंय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

त्यांनी अकरा नंबर बंद केला. मग म्हणाले, "मुकादम होतो मी. पोरगा चुकीचा पाइप जोडायला लागला की तिथल्या तिथं ओरडायचो. नाहीतर माणूस मरतो, बाई."

सोमवारी ते तोंग्योंगला गेलेच नाहीत. आता बायकोबरोबर कालवं फोडायला जातात. अकरा नंबरवर नव्या तुकडीतली एक मुलगी बसते. पहिल्या दिवशी मी तिच्या खुर्चीशी उभी राहून, काम या यंत्रात राहत नाही, हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "कळलं हो, बाई." तरी मी चौथ्यांदा सांगितलं.