फुटबॉलच्या बुटांना ट्रकचा टायर

मी भारताकडून फुटबॉल खेळले आणि एकही गोल केला नाही, याला माझे वडील, म्हणजे आबा, जबाबदार आहेत.

हे वाचून आमच्या पासली गावातली मंडळी म्हणतील, "इंदूला म्हातारपणीबी बापाचा राग हाय व्हय?" आहे! चांगला आहे! भोरला कॉलेजात असताना मी फॉरवर्ड खेळायचे. अशी खेळायचे, की मी चेंडू घेऊन निघाले की समोरची गोलकीपर आधीच जाळीकडे वळायची, चेंडू काढून आणायला! (थोडं वाढवून सांगतेय. पण आठवण माझी आहे, मी हवी तशी सांगेन.)

सत्तरच्या दशकात पोरींनी फुटबॉल खेळायचा ही गोष्टच नवी होती. आता मुलाखतीला येणारी मुलं मला 'व्यावसायिक खेळाडू' म्हणतात. व्यावसायिक! आम्हाला खेळण्याबद्दल मिळायचं ते मध्यंतरात अर्धं लिंबू. त्याच्या बियासुद्धा आपणच काढायच्या!

तर त्या पावसाळ्यात पुण्याला देशाचा संघ निवडण्यासाठी शिबिर लागलं आणि त्यात माझं नाव आलं. शिबिरातल्या आमच्या कोचबाईंनी माझे फाटके कॅनव्हासचे बूट बघितले, ते फेकायला लावले आणि कुठूनतरी फुटबॉलचे खरे बूट मिळवून दिले. तळाला चामड्याच्या जाड खुंट्या ठोकलेल्या. "या खुंट्या चिखलात रुततात, पाय घसरत नाही," बाई म्हणाल्या. "जीव लावून सांभाळ. रविवारी निवडीचा सामना आहे."

मी सांभाळले असते हो! पण तेवढ्यात गावाकडून निरोप आला, भातलावणीला माणूस कमी पडतंय, चार दिवस येऊन जा. गेले. बूट ओसरीतल्या खुंटीला अडकवले आणि खाचरात उतरले. मी तिकडे गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावतेय आणि इकडे आबा माझे बूट उलटे करून बघतायत!

आता आमच्याकडची रीत अशी, की वहाणेचा खिळा तळातून बाहेर आला की तो पायात घुसायच्या आत वहाण दुरुस्त करून आणायची. इथं तर एक नाही, सगळेच बाहेर! पुण्याच्या लोकांनी आपल्या भोळ्या पोरीच्या गळ्यात खराब माल मारला, असं आबांच्या मनानं घेतलं. मला विचारायचं? छे! बूट काखेत मारले आणि वेल्ह्याच्या बाजारात वहाणा शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसले.

संध्याकाळी मी चिखलानं माखून घरी आले, तर आबा ओसरीवर नवरदेवासारखे खूश.

"बग पोरी, फशिवलं हुतं तुला," ते बूट पुढं करत म्हणाले. "समद्या खुंट्या भाईर आलत्या. पक्कडीनं उपटून घेतल्या आन् वर ट्रकचा टायर मारला. आता मरंस्तवर झिजत न्हाई!"

माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. "आबा! त्या खुंट्या लागतात! पाय घसरू नये म्हणून असतात त्या!"

"टायरवर कुठं घसरतंय? येवढा लादलेला ट्रक वरंधा घाट चढतो की टायरवर!"

मी बूट हिसकावून उलटे केले.

"खुंट्या कुठं आहेत?"

"कणगीखाली सारल्यात," आई आतून म्हणाली. "लई डुगडुगत हुती. आता बग कशी गप बसलीया!"

मी कणगीकडे धावले. खुंट्या उपटताना उभ्या चिरलेल्या. वर भाताची भरलेली कणगी. मी तिथंच मटकन बसले आणि भोकाड पसरलं. तेव्हा आबांना वाटलं, पोरीला आनंदाचं भरतं आलंय. म्हणून त्यांनी शेवटची बातमीही देऊन टाकली.

"आगं, करकरबी घालून घेतलीया!"

करकर म्हणजे काय, ते ज्यांच्या गावात वहाणा शिवल्या जातात त्यांना सांगायला नको. मानाच्या माणसाची वहाण चालताना कर्रकर्र वाजली पाहिजे, म्हणून कारागीर चामड्याच्या दोन थरांमध्ये काहीबाही बसवून देतो. माणूस वळणावर असतानाच वाड्यावस्तीला कळतं, कोणीतरी मोठं येतंय.

"आवो, पोरीच्या जातीला करकर कशापायी?" एवढं मात्र आई बोलली.

"देशाकडनं खेळाय जाणार माझी लेक! गुपचूप यील व्हय? चार लोकांना कळाय नगं?"

मी त्या संध्याकाळी जेवले नाही. (नंतर जेवले. पिठलं होतं.)

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं मी पुण्याला निघाले. सोबत आबा, डोक्याला नवा पटका बांधून! आपल्या हातून झालेलं काम डोळ्यांनी बघायला!

मैदानावर रात्रभराचा पाऊस साचलेला. कोचबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं.

"इंदू, हे काय आहे?"

"बूट, बाई."

"याला टायर आहे."

"हो, बाई."

"ट्रकचा?"

"हो, बाई."

बाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कुणाचे बूट मागावेत तर खाचरात वाढलेला माझा फताडा पाय त्या नाजूक बुटांत शिरेना. अनवाणी खेळायची पंचांची परवानगी नाही. उतरले तशीच!

सामना सुरू झाला आणि माझी धिंड निघाली. फॉरवर्डनं कसं, बॅकच्या पाठीमागून हळूच निसटायचं असतं. मी निघाले की कर्रकर्र, कर्रकर्र! ती बॅक न बघताच वाट अडवून उभी! आणि रेषेबाहेर आबा, शेजारच्या खुर्चीतल्या निवड समितीच्या साहेबांना कोपरानं ढोसत, "आली बगा! आली माझी लेक!"

एकदा समोर गोल मोकळा मिळाला. नुसता चेंडू ढकलायचा होता! मी उजवा पाय उचलला, तर डावा पाय आधीच पुढे निघून गेला. चेंडू जागेवर राहिला आणि गोलात मी गेले.

"लागलं का गं?" आबा ओरडले. "टायर बग, टायरला काय झालं का!"

मध्यंतरात बाई लालबुंद झाल्या होत्या. "पुढं तुझा काही उपयोग नाही. मागं बॅकला उभी राहा. निदान वाटेत तरी पडशील."

मी वाटेत पडले. दुसरा अर्धा भाग मी पडण्याशिवाय दुसरं काही केलं नाही! समोरून फॉरवर्ड आली की मी तिला अडवायला पाऊल टाकायचे, ते पाऊल थांबायचंच नाही आणि मी आडवी होऊन चिखलातून सुसाट जायचे. चेंडू माझ्यासोबत, फॉरवर्ड माझ्यासोबत, एकदा तर लाइन्समनही माझ्यासोबत! माझ्या बाजूनं समोरच्यांना एकही गोल करता आला नाही. पुढे पुढे तर नुसती करकर ऐकूनच त्या पोरी चेंडू सोडून बाजूला व्हायला लागल्या.

सामना संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "शाब्बास! अंगाची पर्वा न करता मुद्दाम घसरत चेंडू काढतेस! जिगर लागते. तुला घेतलं."

मुद्दाम! एकदासुद्धा मुद्दाम नाही हो!

"साहेब, मी फॉरवर्ड आहे," मी म्हणाले.

"होतीस," साहेब म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले.

मग मला सरकारी रुबाबात नवे बूट मिळाले, खुंट्यांचे. आता घसरायचं म्हटलं तर घसरता येईना! मुद्दाम पडायला मी शिकले, गुडघे सोलून. पुढे कितीतरी वर्षं देशाकडून खेळले, आणि मधली रेघ ओलांडली की मागून बाईंची हाक ठरलेली, "इंदू, मागं!"

पहिल्याच परदेश दौऱ्याहून घरी आले, तेव्हा भात कापणीला आलं होतं. आबांनी वेशीपासून वाजतगाजत आणलं, सगळं गाव ओसरीवर जमवलं आणि सर्वांदेखत विचारलं, "सांग इंदे, किती गोल मारलंस?"

"एकही नाही," मी दातओठ खात म्हणाले. "मी बॅक आहे. गोल करायचा नसतो. येणाऱ्याला अडवायचं असतं."

आबा विचारात पडले. गावही पडलं.

"म्हंजी राखणच की!" आबा शेवटी म्हणाले. "येवढं इमानात बसून परदेशात राखण कराय गेलतीस? आन् हितं आपलं भात पाखरं खात्यात!"

कुणीच हसलं नाही. मुद्दा सर्वांना पटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्या हातात गोफण दिली. भारताची बॅक बांधावर उभी राहिली. जिच्यापुढं परदेशी फॉरवर्ड हात टेकायच्या, तिच्या डोक्यावरून, डावीकडून, उजवीकडून चिमण्या आत शिरल्या आणि दुपारपर्यंत वरचं खाचर फस्त करून गेल्या.