हौशीरामआबांचा पाय

शांतवन पारखे रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लोणावळ्यात त्यांची ओळख एकाच गोष्टीवरून होती, ती म्हणजे त्यांची किळस. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ते पीत नसत; पंगतीत शेजारी कुणी भुरका मारला तरी ताट सोडून उठत. प्रार्थना मात्र रोजची एकच, "प्रभू, मला कशासाठी ठेवलंयस ते सांग." देवाचं पाचारण येईल ते चर्चमध्ये उपदेश करण्याचं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आवाज भरदार होता, बायबलची वचनं पाठ होती.

नाताळच्या आधी चर्चच्या मंडळीची सेवा समिती भाजे गावात ब्लँकेटं वाटायला गेली. समितीत असल्याने शांतवनही गेले. एका घरामागच्या पडवीत हौशीराम नावाचे म्हातारे पडून होते. साखरेच्या आजाराने पाय चिघळला होता. फडकं बाजूला झालं तशी जखमेत अळ्या वळवळताना दिसल्या आणि सडक्या मांसाचा वास नाकातून थेट पोटात उतरला. समितीच्या चिटणिसांनी नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या हाताने ब्लँकेट लांबूनच पुढे केलं आणि म्हणाले, "फोटो नीट घ्या, पाय नको यायला."

शांतवन गोठ्यामागे जाऊन ओकले. त्या पायाची किळस आलीच, पण गाडीत पुन्हा गाणी सुरू झाली, डबे उघडले गेले, तेव्हा त्याहून घाण वाटली. आणि सगळ्यात जास्त स्वतःची, कारण निघताना तेही हसून हात हलवून आले होते.

तीन दिवस अन्न गेलं नाही. चौथ्या दिवशी ते लोकलने मळवली स्टेशनला उतरून चालत त्या घरी गेले. सून भागुबाई दारातच उभी राहिली.

"आता काय? फोटू ऱ्हायला व्हय?"

"आबांना दवाखान्यात नेतो. चालेल का?"

"आमी नेलतं दोनदा. रोज पट्टी करा म्हन्त्यात. मी मजुरीला जाऊ का पट्ट्या करू? आन् बाटवायचं आसंल तर आत्ताच सांगा."

"तसलं काही नाही. पट्टी मी करीन."

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी टर्पेंटाइन टाकून अळ्या चिमट्याने कशा वेचायच्या ते दाखवलं. पहिल्या दिवशी शांतवन दोनदा बाहेर पळाले. दहाव्या दिवशी एकदाच. घरी आले की कोपरापर्यंत साबण घासायचे, तरी भाकरीला तो वास यायचा. पू, पिवळं पाणी, काळं पडलेलं बोट, कशाचीच सवय झाली नाही.

"घान वाटती का, भाऊ?" आबांनी एकदा विचारलं.

"वाटते, आबा. लय वाटते."

"मंग येता कशाला?"

शांतवनांना वचनं पाठ होती, पण एकही तोंडावर आलं नाही. "नाही आलो तर स्वतःचीच जास्त वाटते," ते म्हणाले.

दोन बोटं गेली, पण पाय वाचला. पाचव्या महिन्यात आबा काठी टेकत ओढ्यापर्यंत जाऊन आले.

चिटणिसांना कळलंच. ते घरी आले, म्हणाले, "पारखे, रविवारी उपासनेत साक्ष द्या, प्रभूने तुमच्याकडून काय करवून घेतलं ते सगळ्यांना सांगा. जखमेचे आधीचे फोटो आहेत का? चांगला परिणाम होईल."

 साक्ष द्यायची शांतवनांची इच्छा आयुष्यभर होती. आज त्या शब्दाचीच शिसारी वाटली. "आबांचा पाय म्हणजे तुमचं जाहिरातीचं पत्रक नाही," ते म्हणाले आणि समितीचा राजीनामा तिथेच लिहून दिला. उपासनेला ते जात राहिले, मागच्या बाकावर.

त्याच आठवड्यात आबांकडे गेल्यावर भागुबाईने सांगितलं. शेजारच्या पाटण गावातल्या कस्तुराबाई वर्षभर अंथरुणाला खिळल्यात, पाठीला भोकं पडलीत, घरचेसुद्धा खोलीत जात नाहीत.

ऐकतानाच शांतवनांच्या नाकात तो वास भरला.

"घर कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.