हळदीच्या धंद्याचा नंबर

अनसिंगला घराच्या पुढच्या खोलीत मी हळद दळून विकते. आठवडी बाजारात ती हातोहात जायचीच, पण अकोल्याच्या एका ठोक दुकानदाराने वर्षभराचा माल मागितला आणि अट घातली, जीएसटी नंबर असेल तरच. एवढं गिऱ्हाईक मी सोडणार नव्हते. वाशीमला जाऊन माझ्या नावाने अर्ज भरला. काही दिवसांनी फोन आला, साहेब उद्या जागा पाहायला येतील.

'पाहायला येतील' एवढंच सासूबाईंनी धरलं आणि घरात मुलगी दाखवायची असावी तशी धांदल उडाली. पोती गोठ्यात गेली, वजनकाटा पलंगाखाली. चक्की काही हलेना, म्हणून तिच्यावर नक्षीची चादर टाकून वर फुलदाणी ठेवली. भिंतीवरचा पिवळा थर मीच पुसला, तेही मोठ्या हौसेने. पोहे झाले. मी ठेवणीतली साडी नेसले.

साहेबांनी पोहे खाल्ले, चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाले, "घर छान आहे. धंदा कुठे आहे?"

"इथंच हाय ना जी. तुमी येनार म्हून समदं आवरलं," सासूबाई म्हणाल्या.

"मला दिसत नाही, तर तसंच लिहावं लागेल." त्यांनी पेन काढलं.

एवढी धडपड करून नंबर जाणार, तोही आमच्या टापटिपीपायी! मी पदर खोचला, फुलदाणी सासूबाईंच्या हातात दिली आणि चादर ओढून काढली. नवऱ्याने गोठ्यातून पोतं आणलं. चक्की सुरू झाली तशी खोलीभर हळद उडाली. साहेब शिंकत शिंकत नवऱ्याला विचारू लागले, माल कुठून आणता, भाव काय लावता.

"मले कायले इचारता साहेब," नवरा म्हणाला. "मी पोते उचलतो. धंदा तिचा हाय."

मग मी बोलले. कोणती हळद रंगाला चांगली, कोणती वासाला, सगळं सांगितलं. साहेबांनी मला चक्कीजवळ उभं करून फोटो काढला. साडीची वाट लागली होती, पापण्यांवरसुद्धा हळद होती. लग्नाच्या हळदीतही मी इतकी पिवळी झाले नव्हते, आणि इतक्या ऐटीत उभीही राहिले नव्हते. खोटं कशाला बोलू, फार अभिमान वाटला मला माझाच.

नंबर आला. दुकानदाराला पाठवला तर लगेच त्याचा फोन. एरवी हा माझा आवाज ऐकला की "घरच्यांना द्या" म्हणायचा.

"ताई, माल परवा पाठवता का?"

"परवा नाही जमनार," मी म्हटलं. "हळद अजून वाळून राह्यली. ओली दळून देत नाही मी. थांबा लागंल."

"बरं ताई," तो म्हणाला, "थांबतो."