बधिर तळवा

माझा थोरला भाऊ, दादा, अंगणातून आत आला तेव्हा त्याच्यामागे फरशीवर रक्ताचे ठसे उमटत होते. तळव्यात काच रुतली होती.

"दुखत नाही का रे?" मी विचारलं.

"कुठे काय?" तो म्हणाला.

दादाचं शरीर आता इन्शुलिनला दाद देत नाही. जेवणातली साखर रक्तातच साचते आणि पेशी उपाशी राहतात. माणूस पोटभर जेवतो आणि आतून वाळत जातो. त्या साचलेल्या साखरेनेच त्याच्या पायांच्या नसा हळूहळू मारल्या. औषधं चालू आहेत, पण गेलेली जाणीव परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मी काच उपसली. दादा शांतपणे पाहत होता, परक्याच्या पायाकडे पाहावं तसा.