कपाळाला लावलेलं पिस्तूल

तुमच्या घरातला माणूस कामावरून येताना रस्त्यात मार खाऊन, एक दात गमावून दारात उभा राहिला, तर तुम्ही काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते काही कामाचं नव्हतं.

माझे वडील मुंबईत छापखान्यात होते आणि युनियनची पत्रकं घरी आणायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यामुळे कुठल्याही अन्यायावर ‘संघटित व्हा’ हे औषध मी परकर नेसत होते तेव्हापासून सांगत आले. लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला ताईकडे राहायला आल्यावरही सांगत होते.

त्या हिवाळ्यात कोळशाच्या खाणकामगारांचा संप होता आणि त्यामुळे वीज जायची. संपाला माझा पाठिंबा होता, आजही आहे. अशाच एका काळोख्या संध्याकाळी ताईचे यजमान, माझे भावोजी, विमानतळावरची ड्यूटी संपवून बसमधून उतरले. स्टॉप ते घर जेमतेम पाच मिनिटं. वाटेतल्या लॉन्ड्रीपाशी चार गोऱ्या पोरांनी त्यांना गाठून मारलं, एक दात पाडला. भावोजी विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करतात. त्या पोरांच्या आईबापांच्या बॅगाही त्याच पट्ट्यांवरून गेल्या असतील.

पोलीस आला. ताईने केलेला चहा प्यायला आणि म्हणाला, अंधारात एकटं फिरू नका. कामावरून घरी येण्याला तो फिरणं म्हणत होता. पुढच्या रविवारी मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. तिथे श्रीमंत उपनगरात राहणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘आमच्या मेडनहेडला असलं काही होत नाही हं,’ म्हणाल्या आणि ताईच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणे.

त्यानंतर भावोजी बसमधून उतरले की घरापर्यंत पळत यायचे. बेचाळीस वर्षांचा माणूस, डबा छातीशी धरून. दारात आल्यावर श्वास सावरायचे आणि मग बेल वाजवायचे, ताईला कळू नये म्हणून. ते मी वरच्या खिडकीतून बघायचे.

त्यांच्या वर्कशॉपमधला एक इंग्रज नेमबाजीच्या क्लबात जायचा. त्याच्याकडे एक जुनं, स्वस्तातलं पिस्तूल विकायला होतं. आधी येऊन चालवून बघ, म्हणाला, मग क्लबचा मेंबर हो, म्हणजे पोलिसांकडून परवाना मिळेल. शनिवारी दुपारी भावोजी मला बरोबर घेऊन निघाले. ताईला सांगितलं, क्रॉयडनला कोट बघायला जातोय.

‘भावोजी, हा मार्ग नव्हे,’ मी बसमध्ये म्हणाले.

‘मेव्हणीबाई, तुझ्या पत्रकाने दात परत येतो का?’

‘पिस्तुलाने येतो?’

‘नाही. पण दुसरा जात नाही.’

क्लब म्हणजे युद्धाच्या काळातली विटांची लांबट इमारत. आत रॉकेलची शेगडी, बंदुकीच्या जळक्या दारूचा वास, टोकाला वाळूचा ढिगारा आणि त्यापुढे कागदाची लक्ष्यं. चहाच्या टेबलापाशी एक म्हातारा मेंबर सांगत होता, ‘आमचा रस्ता पूर्वीचा राहिला नाही. कोण कोण राहायला आलंय. कपाटात एक असलेलं बरं.’ सगळे हसले. क्लबचा सेक्रेटरीही हसला. मग त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं आणि ते हवेबद्दल बोलू लागले.

भावोजींच्या मित्राने पिस्तूल टेबलावर ठेवलं. नळाच्या तोटीसारखा चकचकीत मुलामा, मुठीला काळी चिकटपट्टी. ‘पहिला मान बाईंचा,’ तो म्हणाला. नाही म्हणायचं होतं, पण मी उचललं. चाप इतका जड की दोन बोटं लावावीशी वाटली. पहिली गोळी कुठे गेली कळलं नाही. दुसरी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात. तिसऱ्या वेळी त्या कागदावर मला चार चेहरे दिसत होते, आणि मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं आठवलं की अजून संताप येतो. त्या पोरांनी मला तिथवर आणलं होतं.

मग भावोजींची पाळी. मित्राने पिस्तूल भरून समोर ठेवलं. भावोजींनी ते दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले आणि कपाळाला लावलं.

कामावरच्या पान्याला ते रोज सकाळी असंच करतात. मुंबईच्या कारखान्यात फिटर होते तेव्हापासूनची सवय. हत्यार हातात घेतलं की आधी नमस्कार. पण पिस्तुलाची नळी होती आता बाजूच्या रांगेत उभ्या असलेल्या त्याच म्हाताऱ्याच्या कानाच्या दिशेला.

रेंजवर हुकूम देणारा माणूस ओरडला. सगळ्यांची नेमबाजी थांबली. त्याने भावोजींच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. इथपर्यंत त्याचं बरोबर होतं. गोळी सुटली असती तर माणूस मेला असता. पण मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ही माणसं बंदुकीचीसुद्धा पूजा करतात.’

सेक्रेटरी सभ्य होता. त्याने आम्हाला कोपऱ्यात बसवलं आणि विचारलं, ‘तुम्हाला पिस्तूल हवंय कशाला?’

भावोजींनी ओठ वर करून दाताची खिंड दाखवली. ‘रस्त्यात मारलं मला.’

‘ते कारण इथे चालत नाही. आम्ही खेळाडू आहोत.’

‘आणि कपाटवाले आजोबा?’ मी विचारलं.

‘ते लक्ष्यावर नेम धरतात, मिस,’ सेक्रेटरी म्हणाला आणि आमचे कोट आणून दिले.

खोटं बोलणाऱ्याला परवाना आणि खरं बोलणाऱ्याला दार. मी तिथेच बरंच बोलले. सगळे शेगडीकडे बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये भावोजी म्हणाले, ‘हत्याराच्या पाया पडलो. एवढं काय?’

‘नळी त्या आजोबांकडे होती.’

‘हं. ते चुकलं.’ मग खिडकीकडे वळून, ‘सोमवारी मी काय करू गं?’

पिस्तूल नको, हे मला ठाऊक होतं. मग काय, ते माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. ‘संघटित व्हा’ हे बसस्टॉपवर उभ्या एकट्या माणसाला कसं सांगायचं?

सोमवारी संध्याकाळी मी कोट घातला आणि स्टॉपवर जाऊन उभी राहिले. भावोजी उतरले, मला बघून चिडले. ‘तू काय करणार आहेस?’

‘चालणार आहे.’

पोरं लॉन्ड्रीपाशी होती. घाण बोलली, थुंकली. भावोजींचा हात डब्यावर घट्ट झाला, पण ते पळाले नाहीत. मंगळवारी मी गल्लीतली दारं वाजवली. शेजारचे सरदारजी आले. समोरची आयरिश विधवा कुत्रा घेऊन आली. आपल्या दोन मराठी घरांत टीव्हीचा आवाज बंद झाला आणि दार उघडलंच नाही. पडदा मात्र हलला. त्या पडद्यांचा राग मला त्या चार पोरांइतकाच येतो. तो गिळायचा माझा विचार नाही.

भावोजी आता चालत घरी येतात. कधी कोणी सोबतीला नसलं की अजूनही पळतात.

म्हणून तुमच्याकडे मागते आहे. वर्गणी नको, सह्या नकोत, हळहळ तर मुळीच नको. तुमच्या रस्त्यावरून कोणी घाबरत घरी जात असेल, तर आज संध्याकाळी टीव्ही बंद करा, कोट घाला, स्टॉपवर जाऊन उभे राहा आणि त्याच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चाला.