गरीची मरळ

माझा सगळा जन्म मासे विकण्यात गेला. पाण्याबाहेरचा मासा मला पूर्ण माहीत आहे. कल्ला उघडून सांगते, आजचा की कालचा. मुलचेऱ्याकडच्या बाजारात बंगाली बाया मासा दाबून, वास घेऊन, उलटापालटा करून घेतात. त्यांच्याशी भांडून मी लेकरं वाढवली. पाण्यातल्या माशाशी मात्र माझी ओळख नव्हती. ते काम नवऱ्याचं. आमच्यात जाळं आणि गरी पुरुषानं धरायची, टोपली बाईनं. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

गरी म्हणजे गळ. नवरा जाळं टाकायचा ते पोटासाठी. गरी टाकायचा ती मरळीसाठी, आणि मरळ आणायचा ती बहुतेक बाळंतिणीसाठी. घरची रीतच होती, बाळंतिणीच्या ताटात गरीची मरळ. जाळ्यातली नाही, बाजारातली तर नाहीच. जाळ्यात मासा धडपडून थकतो, मांस सैल पडतं, असं म्हणत. खरं खोटं मला माहीत नाही. माझ्या प्रत्येक बाळंतपणात तो ओल्या कपड्यानं दारात यायचा, सुपात मरळ टाकायचा आणि निघून जायचा. बोलायचा काही नाही. आम्ही बोलणारी माणसं नव्हतो. म्हणजे तो नव्हता.

तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन जबडा सडला. त्याची बांबूची काठी दोरीसकट आढ्याला खोचलेली राहिली. मी झाडताना तिच्यावरून फडा फिरवायची, बस.

यंदा पाऊस सरता सरता नात बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोट फाडून लेकरू काढलं. घरी आणली तर चेहरा पांढरा, दूध येईना, आणि खाणं नावाला नाही. नुसता भात चिवडायची. बाळ रडून रडून लाल. मुलानं बाजारातून बर्फातला मासा आणला, आंध्रातून ट्रकनं येतो तो. तिनं वास घेतला आणि ताट सरकवलं.

"मरळ असती त खाल्ली असती," ती म्हणाली. "आबा आणत होता तशी."

"आबा मेला," मी म्हटलं.

"मले माहीत हाय, आजी."

मी बाळ मांडीवर घेतलं. ते रडतच होतं.

तलावाचं पाणी उतरेपर्यंत जाळं पडत नाही. मुलगा खाणीत ट्रक चालवतो, त्यानं कधी गरी धरली नाही. धाकट्या दिराला येत होती, पण लकव्यानं त्याचा उजवा हात गेला. तोंड वाकडं झालं, पण बोलणं शाबूत आहे. म्हणून मीच काठी काढली.

गरीला मासोळी लावतात एवढं मला ठाऊक होतं. लहान मासोळ्या मिळवल्या. विळीवर बसले, खवले काढले, पोटं साफ केली, पाण्यानं धुतल्या. हात जसे रोज चालतात तसे चालले. ऊन चांगलं वर आल्यावर तलावावर गेले. तलावाच्या मागं जंगल लागतं, आणि वाघाला आपलं काम समजावून सांगता येत नाही.

दोरीला चपलेच्या रबराचा तुकडा बांधलेला होता. मासा लागला की तो बुडतो. तो काही बुडेना. दीर काठी टेकत तलावाच्या पाळीवर आला आणि माझ्याकडे पाहत बसला.

"वयनी, मासोया पकडून राह्यली का पाण्याले राखण बसली?"

"तुमी गप्प बसा, भाऊजी."

"दाखव त, काय लावलं गरीले?"

ओढून दाखवलं. तो इतका हसला की वाकडं तोंड आणखी वाकडं झालं.

"अवो, मरळ काय तुई गिऱ्हाईक हाय? खवले काढून, पोट साफ करून देऊन राह्यली! आता हळद-मीठ बी लाव!"

"मंग काय लावू?"

"जितं लाव. हाललं पाहिजे. मेलेलं तिले नाई चालत. बेंडकी पकड."

या वयात लुगडं खोचून मी बांधावर बेंडक्यांमागं धावले. धान निंदणाऱ्या बाया हसल्या. हसोत. एक बेंडकी सापडली. दिरानं सांगितलं तशी पाठीतून गरी घातली आणि कमळाच्या पानांशेजारी सोडली. थोड्या वेळानं पाणी फुटलं, रबर खाली गेलं, आणि मी जोर लावून काठी उचलली. वर अर्धी बेंडकी आली.

"काऊन ओढली?" दीर ओरडला. "नुसती तोंडात धरली होती तिनं. गिळली कुठी?"

"किती थांबायचं मंग?"

"दादा खर्रा खाये तेवढं. रबर बुडालं का दादा खर्रा तोंडात टाके. पयला रस थुंकला का मंगच काठी उचले."

मी काठी धरून उभीच राहिले. हे मी कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. टोपली घेऊन मी पाळीवर यायची, तो नेमका तेव्हा पुडी सोडायचा, आणि खर्र्यावरून माझं तोंड सुटायचं. तो चघळत राहायचा. मग थुंकायचा, उठायचा आणि काठी उचलायचा. मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं उठला.

खर्रा वाईटच. त्यानंच त्याला नेलं, हे मी विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा बेंडकी, पुन्हा तीच पानं. रबर बुडालं. माझ्याजवळ खर्रा नव्हता आणि मी खाणारही नव्हते. हात उचलायला शिवशिवत होते. मग मी हळू आवाजात सुरू केलं, तेव्हा करायची तसंच. दात गेले, आता जबडा जाईल. पोरं पाहतात, पोरंही शिकतील. कमावलेलं थुंकून टाकतो. घरात तेल नाही आणि तुझी पुडी चुकत नाही. मेलास तर मी रडणार नाही.

एवढं झालं की तो थुंकायचा. मी काठी उचलली.

दोरी ताठ झाली. बोट कापलं. पाण्यात काळी पाठ वळली आणि काठी हातातून जाते की काय असं झालं. "मांगं चाल वयनी, मांगं! वाकू नको!" दीर डाव्या हातानं जमीन बडवत होता. मी मागं मागं चालत तिला पाळीवर ओढली. गरी सुटली आणि मरळ गवतातून पाण्याकडे उड्या मारत निघाली. मग मात्र मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. टोपली उपडी टाकली आणि वर बसले.

"सरक आता, पाहू दे त!" दीर म्हणाला. पाहिली आणि म्हणाला, "दादाची मोठी राहे."

खरं होतं. मध्यम होती. मी याहून मोठ्या खूप विकल्या आहेत.

घरी आले. नात दारातच बाळ घेऊन बसली होती. सुपात मरळ टाकली. तिनं मरळीकडे पाहिलं, माझ्या ओल्या लुगड्याकडे पाहिलं.  नवरा एवढ्यावर निघून जायचा. मला चूल पेटवायची होती.

तिखट कमी टाकून पातळ रस्सा केला. तिनं पहिला घास घेतला, थांबली.

"आजी, आबाच्यासारखीच हाय का वं?"

"मरळीसारखी हाय. खा."

तिनं डोकं चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि पुन्हा भात मागितला. दूध मरळीनं आलं की पोटात अन्न गेल्यानं, ते मला सांगता येत नाही. पण बाळ रडलं तेव्हा तिनं पदराखाली घेतलं, आणि ते पीत पीत झोपलं.

काठी मी परत आढ्याला खोचली नाही. बाहेर भिंतीला टेकवून ठेवली.